जुन्या बंदुकीला नवा घोडा बसवण्याआधी

सत्तरी, डिचोली, पेडणे, सांगे, केपे, काणकोण इथल्या, आणि पणजी-मडगावच्या फ्लॅटांतही वाडवडिलांच्या बंदुका सांभाळणाऱ्या सर्व घरांना,

सप्रेम नमस्कार.

नवरात्र तोंडावर आले आहे. खंडेनवमीला माळ्यावरून, कपाटामागून, बैठकीच्या भिंतीवरून जुनी हत्यारे खाली येतील. त्यांच्यावर खोबरेल तेलाचा हात फिरेल, झेंडूची माळ चढेल. तलवार आणि कोयत्याच्या शेजारी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूकही पाटावर बसेल. तिला हळदकुंकू लावण्याआधी तिचा घोडा, तो जिच्यावर आपटतो ती पोकळ पेचाची नळकांडी म्हणजे निपल, आणि आतले पाटे म्हणजे स्प्रिंगा कुठून आल्या आहेत ते एकदा पाहा, एवढेच सांगायला हे पत्र लिहितो आहे. एवढेच म्हटले तरी सांगायला बरेच आहे, तेव्हा जरा धीर धरा.

आधी माझ्याविषयी. मी बंदूकवाला नव्हे. खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये मी एकतीस वर्षे टर्नर-फिटर होतो. २०१२ साली खाणी थांबल्या आणि माझा लेथही थांबला. टिपरचे पाटे, लोडरच्या पिना, ड्रिलचे दांडे कुठे, कसे आणि का तुटतात हे पाहण्यात आयुष्य गेले. बंदूक दुरुस्तीचा परवाना माझ्याकडे नाही आणि ते काम मी करत नाही. पण लोखंड मला कळते. पाहुण्याच्या घरी भिंतीवर बंदूक दिसली की माझी नजर नळीकडे न जाता आधी स्क्रूंच्या डोक्यांकडे जाते. खाचा चुरगळलेल्या असतील तर समजायचे की इथे कुणीतरी हात घातला आहे.

गेल्या दसऱ्याला माझ्या चुलतभावाच्या घरी जे घडले ते सांगतो.

त्याच्याकडे पणजोबांची एकनळी ठासणी होती. घोडा केव्हाच मोडलेला, निपल गंजून संपलेले. त्यामुळे घरात तिला कुणी बंदूक समजतच नव्हते. ती आपली ‘शोभेची’. भाच्याने हौसेने इंटरनेटवरून घोडा, निपल आणि आतल्या कळीचा, म्हणजे घोडा अडकवून सोडणाऱ्या यंत्रणेचा, संच मागवला. जाहिरातीत ‘जुन्या घडणीची हुबेहूब नक्कल’ असे मोठ्या अक्षरांत होते. खाली बारीक अक्षरांत ‘फक्त शोभेसाठी’ असेही होते, पण ते नंतर वाचले गेले. गावातल्या एका गॅरेजवाल्याने इथे-तिथे कानस मारून सगळे बसवून दिले. मी हरकत घेतली तेव्हा चुलतभाऊ हसला. “कितें जातलें मरे? वण्टीर तर आसता!” (काय होणार रे? भिंतीवरच तर असते!)

खंडेनवमीच्या सकाळी भाच्याला टोपीचा (घोडा पडताच ठिणगी देणारी, निपलवर चढवायची छोटी टोपी) ‘टक्’ आवाज ऐकायची लहर आली. घरात शेतरक्षणाच्या परवान्याची दुसरी बंदूक आहे. तिच्या टोप्यांतली एक त्याने या निपलवर चढवली, घोडा अर्ध्यावर ठेवला, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून बंदूक देवखोलीच्या कोपऱ्यात टेकवून तो बाहेर गेला. समई लावताना वहिनींच्या पदराचा धक्का लागला. बंदूक घसरली आणि दस्त्यावर आपटली.

नळीत बार भरलेला होता.

तो कुणी भरला, कधी भरला हे सांगणारे आता कुणी उरलेले नाही. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षे मरत नाही. गजाने ठासलेली, वर चिंधीचा गच्च बोळा असलेली दारू म्हणजे बूच लावून ठेवलेल्या बरणीसारखीच. छर्रे छपरातून गेले आणि मंगळुरी कौलांचे तुकडे नैवेद्याच्या पानात पडले. वहिनींच्या कानांत दोन दिवस घंटा वाजत राहिली, बाकी कुणाला खरचटलेही नाही. मला घाम फुटला तो वेगळ्याच कारणाने. नवे निपल जागेवर नव्हते. शोधल्यावर ते समोरच्या दाराच्या चौकटीत अर्धे रुतलेले सापडले. तीच बंदूक कुणी खांद्याला लावली असती तर चौकटीच्या जागी त्याचा डोळा असता.

आम्ही लगेच पोलीस ठाण्यात कळवले. पोलीस येऊन पंचनामा होईपर्यंत मी कशालाही हात न लावता भिंग घेऊन पाहत बसलो होतो, आणि जे दिसले ते खाणीवर शंभर वेळा पाहिलेलेच होते.

निपलचे पाहा. नळीच्या बुडातले भोक पाव इंची आट्यांचे होते, इंचाला २८ आटे. नवे निपल मेट्रिक मापाचे, सहा मिलिमीटरचे. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. सहाचा पेच त्या भोकात डगमगत जातो, शेवटी आट्यांचे अंतर न जुळल्यामुळे कुठेतरी अडतो, आणि बसवणाऱ्याला वाटते, घट्ट बसला. आमच्या गॅरेजवाल्याला तो सैल लागला असणार, कारण आट्यांवर पांढरी टेफलॉनची फीत गुंडाळलेली होती. नळाच्या तोटीला गुंडाळतात ती! पाण्याच्या टाकीचा दाब आणि नळीतल्या दारूचा दाब यांच्यात काही फरक असतो, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. त्याचा तरी काय दोष, त्याचा धंदा स्कूटरचा.

आता घोडा. घोड्याच्या आतल्या चकतीला दोन खाचा असतात. पहिली अर्ध्या घोड्याची, खोल, ओठ पुढे आलेली, चाप ओढला तरी सुटू नये अशी. दुसरी पूर्ण घोड्याची, उथळ. या खाचेत अडकणारे टोक आणि खाचेचा ओठ, एवढ्या नखाएवढ्या जागेवर माणसाचा जीव टांगलेला असतो. जुने कारागीर हे भाग मऊ लोखंडाचे घडवत, आणि मग हाडांच्या कोळशात पुरून, भट्टीत तापवून, एकदम पाण्यात बुडवत, म्हणजे पाणी देत. त्याने वरची कातडी काचेसारखी कठीण होते आणि आतला गाभा चिवट राहतो. ही कातडी मिलिमीटरच्या काही दशांशांची असते. त्यावर ‘जरा जुळवून घेऊ’ म्हणून कानस फिरवली की कातडी गेली, उरले मऊ लोखंड. ते दहा-वीस वेळा व्यवस्थित अडकते आणि मग एक दिवस गुळगुळीत होऊन सुटते.

आमच्या चकतीची गोष्ट उलटी होती. ती ओतीव होती आणि पाणी दिल्यावर पुन्हा जरा तापवून तिचा ताठा उतरवलेलाच नव्हता. अर्ध्या घोड्याचा ओठ भाजलेल्या चण्यासारखा तुटला होता, आणि तुटलेल्या जागी भिंगातून सुईने टोचल्यासारखी भोके दिसत होती. ओतताना अडकलेल्या हवेचे फुगे ते.

ओतीव म्हणजे टाकाऊ, असे मात्र कुणी समजू नये. मेणाचा साचा करून पोलाद ओतायची पद्धत चांगल्या कारखान्यांत आजच्या बंदुकांसाठीही वापरतात. तिथे धातू कोणता ते ठरलेले असते, पाणी किती आणि उतार किती ते ठरलेले असते, तपासणी असते. घोडे पेंड खाते ते दुसरीकडे. नक्कल करणारा साचा कशावरून घेतो? त्याच्या हाती लागलेल्या एखाद्या जुन्या भागावरून. तो भाग शंभर वर्षे वापरून झिजलेला. झिजेचीही नक्कल होते. वर पोलाद थंड होताना शेकडा दोनच्या आसपास आक्रसते, म्हणजे इंचभर लांबीत अर्धा मिलिमीटर गेला. खाचेच्या ओठाची सगळी पकडच तेवढी असते! आणि तुमची बंदूक मुळात एकेक भाग तिच्यापुरता घासून जुळवलेली. जुन्या काळी एका बंदुकीचा घोडा शेजारच्या बंदुकीलाही बसत नसे. मग ‘हुबेहूब’ म्हणजे नेमका कुणाच्या बंदुकीसारखा?

काही भाग तर पोलादाचे नसतातच. जस्ताच्या मिश्रणावर काळा रंग किंवा मुलामा देऊन ते विकतात. लोहचुंबक लावून पाहा, चिकटला नाही तर तो भाग पेपरवेट म्हणून ठेवा. चिकटला म्हणून चांगला, असेही नव्हे. चुंबक फक्त लोखंड आहे एवढे सांगतो, त्याला पाणी कसे दिले ते सांगत नाही.

चकचकीत मुलाम्याचे एक दुखणे फार थोड्यांना ठाऊक असते. कठीण पोलादावर विजेच्या टाकीत क्रोम किंवा निकेल चढवताना हायड्रोजन धातूत शिरतो. मुलाम्यानंतर लगेच तो भाग दोनशे अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवून तो हायड्रोजन बाहेर काढावा लागतो. ठेवला नाही तर पाटा किंवा पिन दिसायला आरशासारखी आणि आतून ठिसूळ. कधीकधी तर काही न करता, नुसती ताणलेली ठेवलेली स्प्रिंग रात्रीतून तुटते. आमच्या वर्कशॉपमध्ये असे बोल्ट तुटायचे तेव्हा नवे कामगार भुताखेताचे नाव घेत.

ज्यांच्याकडे ठासणी नसून काडतुसाची जुनी दुनळी आहे त्यांची काळजी वेगळी, ती म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटणारी पिन. नवी पिन प्रमाणापेक्षा लांब किंवा टोकदार असली तर काडतुसाची टोपी फुटते, आणि तापलेला वायू पिनेच्या भोकातून मागे, बार काढणाऱ्याच्या तोंडावर येतो. फार कठीण असली तर टोक तुटते. तो तुकडा भोकात अडकून थोडा बाहेर राहिला, तर पुढचे काडतूस बंदूक मिटतानाच उडू शकते, चापाला बोट न लागता. शिवाय जुन्या नळ्यांपैकी काही लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या, काळ्या दारूच्या काळातल्या. आजच्या साध्या बाराबोर काडतुसाला युरोपच्या मानकात ७४० बारपर्यंत दाब मान्य आहे. मोटारीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून अंदाज करा. अशा नळीला नवी पिन बसवणे म्हणजे आजारी माणसाला धावण्याच्या शर्यतीत ढकलणे.

दाबाची परीक्षा म्हणून तर परीक्षागृहे असत. बर्मिंगहॅमचे १८१३ मध्ये सुरू झाले, लंडनचे आणि बेल्जियममधल्या लिएजचे त्याहून जुने. तिथे नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढत आणि बंदूक टिकली तर शिक्का मारत. तो शिक्का त्या दिवशीच्या त्या बंदुकीचा. नंतर बसवलेल्या घोड्याला, निपलला, पिनेला तो लागू नाही. ‘शिक्क्याची बंदूक आहे आमची’ असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

शिक्क्यावरून आठवले. सत्तरीत एका घरी मला मोठ्या मानाने बंदूक दाखवली. १८५२ मध्ये दिपाजी राणे यांनी पोर्तुगिजांविरुद्ध बंड करून नाणूसचा किल्ला घेतला तेव्हाची, असे सांगितले. नळीखाली अंडाकृतीत लिएजची तीन अक्षरे होती आणि वर मुकुट. मुकुट असलेला शिक्का १८९३ पासूनचा. मी चहा घेतला, बंदूक छान आहे म्हणालो आणि उठलो. काही गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात. पण तिथेही निपल नवे होते, आणि त्याविषयी मात्र मी बोललो.

बंदुकीचा अभिमान आपल्याला असायलाच हवा. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला आणि तीनच वर्षांनी राजाला लिहिले की इथले कारागीर युरोपातल्या नामांकित कारागिरांच्या तोडीच्या बंदुका घडवतात. म्हणजे ही विद्या त्याच्याआधीपासून इथे होती. पुढे १५४३ मध्ये पोर्तुगिजांबरोबर जपानच्या तानेगाशिमा बेटावर बंदूक पोहोचली. तिथल्या लोहाराने तिची नक्कल केली, पण नळीचे बूड बंद करणाऱ्या पेचाचे आटे त्याला जमेनात. पोर्तुगिजांकडून ते शिकून घ्यावे लागले, अशी तिकडची परंपरागत हकीकत आहे. नक्कल करणाऱ्याचे घोडे तेव्हापासून आट्यांवरच अडले आहे. फरक इतकाच की तो लोहार अडल्यावर थांबला आणि शिकला. त्याने फीत गुंडाळली नाही.

आता कायद्याचे, कारण खरी गफलत तिथे आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त हत्यारांना सूट आहे. आपल्याकडच्या बहुतेक ‘शोभेच्या’ बंदुका या सुटीच्या भरवशावर भिंतीवर आहेत. निवडणूक आली की परवान्याची बंदूक आपण ठाण्यात जमा करतो, रानडुकरे भातात मोकळी फिरतात, आणि शोभेची मात्र भिंतीवरच राहते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे दोनच बंदुका असा नियम झाल्यावर तर तिसरीला शोभेची म्हणण्याचा मोह आणखी वाढला. पण कलमातले शब्द वाचा. दुरुस्ती करून किंवा न करताही जे हत्यार बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला सूट. दुरुस्ती करूनही! हजार-दोन हजार रुपयांचा संच बसवल्यावर जी बंदूक बार काढू शकते, ती दुरुस्त होणारी होती हे तुम्ही स्वतःच सिद्ध केलेत. ज्या दिवशी तो घोडा बसला त्या दिवशी भिंतीवरच्या वस्तूची जात बदलली, आणि घरात कुणाला कळलेही नाही. त्याच कायद्यात हत्यार या शब्दाच्या व्याख्येत हत्यारांचे भागही येतात, आणि दुरुस्ती करून द्यायलाही परवाना लागतो. गॅरेजवाल्याकडे तो नसतो.

म्हणून माझे म्हणणे एका वाक्यात मावते. मेलेल्या बंदुकीला नकली भाग बसवून अर्धवट जिवंत करू नका. एकतर ती पूर्ण मेलेली राहू द्या, नाहीतर परवाना घेऊन, परवानाधारक कारागिराकडून, तिच्या मापाने घडवलेला भाग बसवून ती रीतसर जिवंत करा. मधली अवस्था सर्वांत वाईट. तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही म्हणून कुणी काळजीही घेत नाही, आणि ती बार मात्र काढते.

मोडका घोडा तसाच राहिला म्हणून पणजोबांची आब जात नाही. उलट हौशी संग्राहक, ज्यांना खरे कळते ते, मूळचा मोडका भाग असलेल्या बंदुकीला नकली भागाने सजवलेल्या बंदुकीपेक्षा जास्त मान देतात. रिकामी जागा डोळ्यांना खुपतच असेल तर लाकडाचा घोडा कोरून घ्या. आपल्याकडे सावंतवाडीपर्यंत लाकडाचे काम करणारे हात आहेत, तो घोडा जन्मात टोपी फोडणार नाही.

आणि या नवरात्राआधी प्रत्येक ठासणीच्या घरी एक काम करा. घरातल्या जाणत्या माणसानेच करायचे, पोरांना बाहेर पाठवून. निपलवर टोपी नाही हे पाहा. नळीचे तोंड स्वतःकडे किंवा कुणाकडे येणार नाही असे, बाहेरच्या बाजूला ठेवा. लाकडी गज हलकेच नळीत सोडा, ठोकू नका, आणि तोंडाशी गजावर खूण करा. मग गज बाहेर काढून नळीच्या बाजूने धरा. खूण नळीच्या तोंडाशी ठेवल्यावर गजाचे दुसरे टोक निपलच्या जागेपर्यंत पोहोचले पाहिजे. दोन-तीन बोटे अलीकडेच थांबले तर आत काहीतरी आहे. कदाचित गांधीलमाशीचे घर असेल, कदाचित बार. ते काय आहे हे ठरवणे तुमचे काम नाही. ओढून काढू नका, ड्रिल लावू नका, तापवू तर मुळीच नका. बंदूक आहे तिथे आडवी ठेवा, खोली बंद करा आणि ठाण्यात कळवा. आमच्या अनुभवावरून सांगतो, आपण होऊन सांगायला गेलेल्या माणसाशी लोक नीट वागतात.

उत्तर आणि दक्षिण गोव्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनाही या पत्राची प्रत पाठवतो आहे. त्यांच्याकडे मागणे दोनच. परवाना आता पाच वर्षांनी नवा होतो. त्या वेळी नंबर आणि नळी पाहतात, तसे परवानाधारक कारागिराकडून आतली कळही पाहून घ्यावी, आणि कोणता भाग कधी बदलला याची नोंद असावी. खाणीवर आम्ही टिपरचा एक पाटा बदलला तरी वहीत तारीख पडत असे. दुसरे, तालुक्यातालुक्यात दसऱ्याआधी एक दिवस ठरवून, घरातल्या जुन्या बंदुका दाखवायला या, खटला भरणार नाही, असे जाहीर करता येते का ते पाहावे. भीतीपोटी माळ्यावर दडवलेली भरलेली नळी कुणाच्याच हिताची नाही.

कुणाला एखाद्या भागाविषयी शंका असेल तर मी संध्याकाळी चारनंतर घरीच असतो, गावात कुणालाही विचारा. भागाचा उजेडात काढलेला फोटो आणि कॅलिपरने घेतलेले माप कागदावर लिहून आणा. बंदूक मात्र आणू नका, बसच्या डिकीत घालून तर नाहीच. गेल्या महिन्यात एकाने पोत्यात गुंडाळून आणली होती. त्याला मी उंबऱ्यावरूनच परत पाठवले, पाणीही विचारले नाही, त्याबद्दल त्याची इथे माफी मागतो.

आपला,
एक निवृत्त टर्नर-फिटर
डिचोली तालुका, गोवा

प्रत माहितीसाठी: मा. जिल्हा दंडाधिकारी, उत्तर गोवा, मा. जिल्हा दंडाधिकारी, दक्षिण गोवा